आजवरच्या सगळ्या बोटी: तुमची नोंदवही कशी लिहाल

दोन बोटवाले पहिल्यांदा भेटले की थोड्याच वेळात एक प्रश्न हमखास निघतो: "याआधी कुठली होती?" मग बोलणं मागे मागे जात राहतं. याआधीची, तिच्याही आधीची, आणि शेवटी ती पहिली. अशा गप्पा मी भरपूर ऐकल्या आहेत आणि स्वतःच्या सात बोटीही कितीदा तरी मोजून सांगितल्या आहेत. पण एका पावसाळ्यात त्या सातही कागदावर उतरवायला बसलो, तेव्हा कळलं की गप्पांत येते ती गोष्ट वेगळी आणि वहीत येते ती वेगळी. गप्पांत वादळ येतं, धुक्यात चुकलेली वाट येते. वहीत मला दिसलं ते असं, की माझ्या तीन बोटी एकाच कारणासाठी आल्या होत्या आणि तिन्ही एकाच कारणाने गेल्या होत्या. वीस वर्षं बोलून जे लक्षात आलं नव्हतं, ते एका दुपारी समोर आलं.

तुमच्या एक-दोन बोटी होऊन गेल्या असतील किंवा पहिली अजून यायची असेल, तर अशी वही आत्ताच सुरू करा. सगळ्यात आधी पुसतात ते पहिल्या बोटीचे तपशील, आणि नेमके तेच पुढे सारखे लागतात.

आधी नुसती नावं

पहिल्या बैठकीत कागदपत्रं, फोटो काहीही उघडू नका. आठवतील तशा बोटी एकाखाली एक लिहा. क्रम चुकला तरी चालेल, साल आठवलं नाही तर जागा मोकळी सोडा. कुठली बोट पटकन आठवली आणि कुठली अडखळत, हीसुद्धा नोंदच आहे. अडखळत आठवलेल्या नावापुढे बारीक खूण करा.

मग प्रश्न पडतो, कुठली धरायची आणि कुठली नाही. भावाबरोबर अर्ध्या वाट्यात घेतलेली? मित्राची, पण तीन वर्षं आपणच वापरलेली? फुगवायची रबरी बोट? कयाक? माझी कसोटी साधी आहे: रात्री वारा उठल्यावर जिच्या दोरांच्या काळजीने तुम्ही उठून बसायचा, ती तुमची. कागदावर नाव कुणाचंही असो. या कसोटीने माझी पहिली बोट ठरते ती दादाबरोबर वापरलेली लाकडी वल्ह्याची होडी, जी आमच्यापैकी कुणाच्याच नावावर नव्हती. आणि एक चांगली मोठी बोट यादीतून गळते, कारण तिचा फक्त वाटा माझ्याकडे होता, जीव तिच्यात कधीच अडकला नाही.

छोट्या बोटी गाळू नका. पुष्कळांच्या यादीत "खरी" पहिली बोट वीस फुटांची असते आणि तिच्याआधी लहानपणी चालवलेली ऑप्टिमिस्ट राहूनच जाते. क्लार्क मिल्स यांनी १९४७ मध्ये आखलेली ही बोट जेमतेम २.३ मीटर लांब, चौकोनी तोंडाची, ३५ किलोची. जगभर असंख्य मुलं वाऱ्याशी पहिल्यांदा बोलायला शिकली ती हिच्यात. तुम्ही त्यांतले असाल, तर तुमची वही तिथूनच सुरू होते.

बोटीची ओळख पक्की करा

आता कागदपत्रं काढा. विक्रीची पावती, नोंदणी, विमा, ट्रेलरचे कागद. काहीच सापडलं नाही आणि बोट अजून कुणाकडे तरी असेल, तर बोटच तुम्हाला बरंच सांगेल.

अमेरिकेत नोव्हेंबर १९७२ पासून प्रत्येक नव्या बोटीवर हल आयडेंटिफिकेशन नंबर, म्हणजे बोटीचा ओळख क्रमांक, असणं सक्तीचं आहे. बोटीच्या मागच्या सपाट फळीवर, उजव्या बाजूला वरच्या अंगाला तो कोरलेला किंवा कायमचा बसवलेला असतो. एकूण बारा अक्षरं आणि आकडे. पहिली तीन बांधणाऱ्याची खूण, पुढची पाच त्या बोटीचा अनुक्रमांक, शेवटची चार तारखेची. १९८४ च्या मध्यापासून जी पद्धत आली तिच्यात नववं अक्षर महिना सांगतं (पहिलं अक्षर जानेवारी, दुसरं फेब्रुवारी, असं), दहावा आकडा वर्षाचा शेवटचा अंक आणि अखेरचे दोन आकडे मॉडेलचं वर्ष. युरोपातल्या बोटींच्या क्रमांकाला सुरुवातीला देशाची दोन अक्षरं जोडलेली असतात. रंगाच्या थरांखाली हा क्रमांक बुजलेला असेल तर पातळ कागद ठेवून वर पेन्सिलीची शिसं आडवी फिरवा. अक्षरं कागदावर उमटतात. मी तो कागद तसाच वहीत चिकटवतो. हाताने उतरवलेल्या आकड्यात चूक होऊ शकते, उमटवलेल्यात होत नाही.

युरोपीय बाजारासाठी बांधलेल्या बोटीवर सीई खुणेची (तिथल्या नियमांत बसते हे सांगणाऱ्या खुणेची) पाटीही असते, आणि तिच्यावरचं एक अक्षर मला फार मोलाचं वाटतं. 'ए' म्हणजे आठ बोफर्टच्या (बोफर्ट हे वाऱ्याचा जोर सांगायचं माप) वर वारा आणि चार मीटरच्या वर लाटा गृहीत धरून आखलेली. 'बी' आठ बोफर्ट आणि चार मीटरपर्यंत, 'सी' सहा बोफर्ट आणि दोन मीटरपर्यंत, 'डी' चार बोफर्ट आणि अगदी लहान लाटांसाठी. हे अक्षर वहीत लिहा आणि त्याच्यासमोर, त्या बोटीतून तुम्ही प्रत्यक्षात गाठलेला सगळ्यात जोराचा वारा लिहा. माझ्या सहाव्या बोटीवर 'ए' होतं. माझ्या नोंदींत तिने पाच बोफर्टच्या वरचा वारा फक्त दोनदा पाहिला, आणि दोन्ही वेळा आम्ही परतीच्या वाटेवर होतो.

शिडाची बोट एखाद्या वर्गातली, म्हणजे एकाच आराखड्यावर बांधल्या जाणाऱ्या बोटींपैकी असेल तर शिडावरचा क्रमांक टिपून ठेवा. लेझर, मिरर अशा हजारोंनी बांधल्या गेलेल्या छोट्या शिडाच्या बोटींत तोच तुमच्या बोटीला गर्दीतून वेगळं काढतो. घरात बांधलेल्या बोटीवर मात्र काहीच नसेल. मिररसारख्या बोटी लोकांनी घरीच प्लायवूडच्या फळ्या तांब्याच्या तारेने शिवून, सांध्यांवर फायबरची पट्टी आणि रेझिन लावून उभ्या केल्या. अशा बोटीचं बांधणाऱ्याचं नाव, गाव, महिना हे सगळं तुम्हीच लिहायचं आहे. दुसरं कुणी लिहून ठेवलेलं नसतं.

चार मापं, आणि त्यांतून निघणारा एक हिशेब

प्रत्येक बोटीपुढे चार आकडे हवेत: एकूण लांबी, पाण्याच्या रेषेवरची लांबी, वजन आणि ती पाण्यात किती खोल बसते ते. बहुतेक लोक पहिल्यावरच थांबतात. पण बोट कशी वागली हे उरलेल्या तिघांत असतं.

का ते सांगतो. नांगरतळावर शेजारी मोठी बोट उभी राहिली की "अजून चार फूट असते तर" हा विचार प्रत्येकाच्या मनात येतो. पाणी कापत जाणाऱ्या, म्हणजे लाटेवर उठून न पळणाऱ्या बोटीचा साधारण कमाल वेग काढायचा एक जुना ठोकताळा आहे: पाण्याच्या रेषेवरच्या लांबीचं, फुटांतलं, वर्गमूळ काढा आणि १.३४ ने गुणा. उत्तर नॉटमध्ये, म्हणजे तासाला किती सागरी मैल यात येतं. १६ फुटांचं वर्गमूळ ४, म्हणजे सुमारे ५.४ नॉट. २५ फुटांचं ५, म्हणजे ६.७ नॉट. वेग पाव हिश्श्याने वाढला. आता वजन बघा. त्याच घडणीची बोट लांबीबरोबर रुंदी आणि खोलीतही वाढते, त्यामुळे वजन लांबीच्या घनाने वाढतं. १६ वरून २५ वर गेलात तर जवळजवळ पावणेचारपट. नांगर तेवढा जड, दोर तेवढे जाड, शीड ओढायला तेवढी ताकद, तळ खरवडायला तेवढे दिवस.

मोठी बोट घेऊच नये असं माझं म्हणणं नाही. जास्त जागा, जास्त स्थैर्य, उलट्या लाटेत कमी हेलकावे, ही सुखं खरी आहेत. पण एका बोटीवरून दुसरीवर जाताना आपण काय घेतलं आणि कशाच्या बदल्यात, हे वहीत शेजारी शेजारी दिसलं पाहिजे. माझ्या चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या बोटीचे आकडे एका पानावर मांडले तेव्हा वेगाचा रकाना जेमतेम हलला होता आणि वजनाचा उडी मारून गेला होता.

दोन वाक्यं: का आली, का गेली

वेळ कमी असेल तर बाकी सगळं सोडा, पण हे करा. प्रत्येक बोटीखाली फक्त दोन वाक्यं लिहा. पहिलं, ती का आली. दुसरं, ती का गेली.

पहिलं वाक्य सोपं जातं, कारण बोट येते तेव्हा आपण सगळ्यांना कारण सांगत फिरतो. दुसरं अवघड. बोट जाते तेव्हा आपण सांगतो ते कारण बहुतेक वेळा सोयीचं असतं: वेळ नव्हता, जागा नव्हती, चांगलं गिऱ्हाईक आलं. ते लिहा, पण तिथे थांबू नका. विकायच्या आधीचे सहा महिने आठवा. शेवटचं पाण्यात कधी उतरवली होती? जायचं ठरवून गेला नाहीत असा एखादा दिवस आठवतो का, आणि त्या दिवशी घरात नेमकं काय बोलणं झालं? खरं कारण बहुधा तिथे सापडतं.

माझी नोंद सांगतो. चौथी बोट अठरा फुटी, ट्रेलरवरची. आली कारण: "रात्रीचा मुक्काम बोटीवर करायचा." गेली कारण, आधी लिहिलं ते: "आतली जागा कमी पडली." पाचवी चोवीस फुटी, केबिनची. आली कारण: "रात्रीचा मुक्काम नीट करता यावा." गेली: "उभं राहता येत नव्हतं." सहावी तीस फुटी, डिझेल इंजिनची, आत उभं राहण्याइतकी उंच. आली कारण पुन्हा तेच. पाच वर्षांनी गेली. तिच्यापुढे काय लिहावं हे कळेना, कारण जागेची तक्रार आता उरली नव्हती. मग तिन्ही बोटींच्या मुक्कामाच्या रात्री मोजल्या. अकरा वर्षांत एकोणीस. आणि दुपारी निघून अंधार पडायच्या आत परतलेल्या फेऱ्या त्याच्या कितीतरी पट. आम्हाला मुक्काम आवडतच नव्हता. आम्हाला आवडायचं ते ऊन कलताना दोन-तीन तास पाण्यावर असणं, आणि त्या तीन तासांसाठी तीस फुटी बोट सज्ज करून पुन्हा बांधून ठेवायलाच दोन तास जात होते.

सातवी सोळा फुटी आहे, उघडी. वीस मिनिटांत पाण्यात. तिची पहिली दोन वर्षं संपली तेव्हा फेऱ्यांचा आकडा तीस फुटीच्या पाच वर्षांच्या पुढे गेला होता.

यादी नेहमी लहानाकडून मोठ्याकडे चढत जायला हवी असं मनात धरलेलं असतं, ते पुसून टाका. एकट्याने जगप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस जोशुआ स्लोकम. त्याच्या बोटींचा क्रम बघा. १८८० च्या दशकात 'नॉर्दर्न लाइट' या तीन डोलकाठ्यांच्या मोठ्या जहाजात त्याचा वाटा होता. मग त्याहून लहान 'अक्विडनेक', जी ब्राझीलच्या किनाऱ्यावर वाळूत रुतून फुटली. तिथेच त्याने सुमारे ३५ फुटांची 'लिबर्दादे' बांधली आणि बायको-मुलांना घेऊन तिच्यातून अमेरिकेला परतला. आणि शेवटी 'स्प्रे', शेतात सडत पडलेली जुनी होडी, जी त्याने फळी फळी बदलत नव्याने उभी केली. १८९५ ते १८९८ या प्रवासाने त्याचं नाव झालं ते याच यादीतल्या सगळ्यात लहानांपैकी असलेल्या ३६ फुटी बोटीवर. क्रम जवळजवळ उतरता, आणि त्याचा सगळ्यात मोठा प्रवास शेवटच्या बोटीतला.

दिवस मोजा

आठवण दिवस फुगवते. एका सुंदर उन्हाळ्याचे चार दिवस मनात महिनाभर पसरतात. म्हणून मोजा. डिझेल इंजिनावर बहुधा तास मोजणारं मीटर असतं. बोट आली त्या दिवसाचा आणि गेली त्या दिवसाचा आकडा मिळाला तर काम झालं. नसेल तर फोटोंच्या तारखा, इंधनाच्या पावत्या, जेट्टीच्या नोंदी. बरोबर आकडा नाही निघाला तरी "वर्षाला दहाच्या आत की तीसच्या वर" एवढं कळतंच, आणि तेवढं पुरतं.

'लॉगबुक' हा शब्द कुठून आला ठाऊक आहे? पूर्वी वेग मोजायला दोरीला बांधलेली लाकडी फळी मागून पाण्यात टाकत. इंग्रजीत त्या लाकडाला लॉग म्हणत. दोरीला ठरावीक अंतरावर गाठी, अंतर ४७ फूट ३ इंच, आणि हातात २८ सेकंदांचं वाळूचं घड्याळ. वाळू संपेपर्यंत हातातून जितक्या गाठी सरकल्या तितके नॉट. ते आकडे ज्या वहीत उतरायचे तिला लाकडाचंच नाव चिकटलं. म्हणजे त्या वहीची सुरुवात मोजण्यातून झाली. तुमच्या वहीतही मोजलेलं आणि आठवलेलं वेगळं ठेवा. मी मोजलेलं शाईने आणि आठवलेलं पेन्सिलीने लिहितो.

दुखणी: कुठल्या बोटीला कसली

हा भाग पुढची बोट बघायला जाल तेव्हा सगळ्यात जास्त उपयोगी पडतो, म्हणून इथे हात आखडू नका. प्रत्येक बोटीचं पहिलं मोठं दुखणं कुठलं होतं, ते कसं कळलं, आणि कळायच्या आधी त्याची कुठली खूण दिसत होती, हे तिन्ही लिहा. तिसरं सर्वांत महत्त्वाचं.

लाकडी बोटीत खारं पाणी फारसं शत्रू नसतं. लाकूड कुजतं ते बहुधा वरून झिरपलेल्या पावसाच्या गोड्या पाण्याने, हवा न खेळणाऱ्या कोपऱ्यात. म्हणून तळाइतकंच डेकच्या सांध्यांकडे बघा. बोट बरेच दिवस जमिनीवर राहिली तर फळ्या सुकून आक्रसतात आणि सांधे उघडतात, पाण्यात परतली की फुगून पुन्हा मिटतात. आमच्या पहिल्या होडीत दर मोसमाला पहिले दोन दिवस पाणी भरायचं. दादा आणि मी डबे घेऊन उपसत बसायचो आणि तिसऱ्या दिवशी तळ कोरडा. त्या वयात ती जादू वाटायची.

अॅल्युमिनियमला धोका दुसऱ्या धातूच्या संगतीचा. स्टीलचा स्क्रू, तांब्याची तार, शेजारच्या बोटीतून पाण्यात गळणारी वीज. यासाठी तळाला स्वस्त धातूचे तुकडे लावतात, अॅनोड, जे आधी झिजून बोटीला वाचवतात. निम्मे झिजले की बदलायचे. किती महिन्यांत निम्मे झिजले ते टिपत जा. अचानक लवकर झिजले तर कुठेतरी वीज गळते आहे.

आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन असेल तर मागून उडणाऱ्या पाण्याच्या बारीक धारेकडे लक्ष देत होतात का ते आठवा. धार मंदावली की आतला रबरी इंपेलर (इंजिन थंड ठेवायला पाणी ओढणारी चक्री) थकला किंवा वाट तुंबली. माझ्या तिसऱ्या बोटीचं, ती फुगवायची रबरी होती, इंजिन तापून बंद पडलं त्याच्या आधीचे दोन रविवार धार बारीक होती. फोटोतसुद्धा दिसते. मी ती पाहिली होती, पण तिचा अर्थ मला तेव्हा माहीत नव्हता.

आणि फायबर. फायबरची बोट कुजत नाही असं नवख्यांना सांगितलं जातं. फायबर कुजत नाही हे खरंच, पण डेकच्या दोन फायबर थरांमध्ये वजन कमी राखायला हलकं लाकूड किंवा फोम भरलेला असतो, आणि लाकूड कुजतं. माझ्या पाचव्या बोटीत कठड्याच्या खांबाजवळ पाय दिला की किंचित दबल्यासारखं वाटायचं, ओल्या पुठ्ठ्यावर उभं राहावं तसं. एका कारखान्यात दाखवलं. त्यांनी वरून भेग बुजवून, रंग देऊन बोट परत दिली आणि "वरवरचं आहे" म्हणाले. वर्षभराने तो खांब हाताने हलायला लागला. बोल्ट काढला तेव्हा भोकातून चहाच्या रंगाचं पाणी आलं, आणि स्क्रूड्रायव्हर आत घातला तर लाकूड भिजलेल्या भुशासारखं बाहेर आलं. पावसाचं पाणी बोल्टच्या कडेने वर्षानुवर्षं आत मुरत होतं. दोन हातांच्या पंजांएवढी जागा कापून काढावी लागली.

त्या पानावर मी लिहून ठेवलंय: "पायाला कळलं होतं. पायाचं ऐकावं." त्यानंतर कुठलीही वापरलेली बोट बघताना बूट काढून आधी सगळ्या डेकवर चालतो, मग स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने टकटक करत जातो. धड जागेचा आवाज टणक येतो, पोकळ किंवा भिजलेल्या जागेचा बद्द. सहावी बोट अशी वाजवून घेतली आणि तिच्या डेकने पाचही वर्षं काही त्रास दिला नाही.

फोटो, आणि एखादी वस्तू

सूर्यास्ताचे फोटो प्रत्येकाकडे असतात. वहीला लागतात ते वेगळे: बोट पाण्याबाहेर असताना बाजूने, मागून, सुकाणूची घडण दिसेल असा, इंजिनाची जागा, आणि बसायच्या जागेवरून पुढे बघताना दिसतं तसं. हा शेवटचा तर घ्याच. बोटीत बसल्यावर डोळ्यांना जे दिसायचं, तेच सगळ्यात आधी विसरतं.

प्रत्येक बोटीची एखादी छोटी वस्तू राखून ठेवता आली तर ठेवा. माझी लेझर विकली तेव्हा तिची जुनी, बदललेली सुकाणूची दांडी माझ्याकडे राहिली. मूळचं वार्निश दोन्ही टोकांना अजून चकचकीत आहे. मधे एका वितीएवढा पट्टा पांढुरका आणि गुळगुळीत, आणि एका अंगाला किंचित खोलगट, जिथे माझा अंगठा टेकायचा. ती हातात धरली की अजून खांदा आपोआप मागे झुकतो. नोंदवहीत मी दांडीची बाहेरची रेघ पेन्सिलीने काढून ठेवली आहे आणि अंगठ्याच्या जागी खूण केली आहे.

ती आता कुठे आहे

गेलेल्या बोटींचा पत्ता लावायचा प्रयत्न करा. क्रमांक असेल तर वर्गाच्या संघटनेकडे विचारता येतं, नंतरच्या मालकाचा फोन असेल तर सरळ करावा. बहुतेक लोक आनंदाने बोलतात, आणि तुम्ही सोडून गेलेली दुखणी पुढे काय झाली हे त्यांच्याकडूनच कळतं. बोट वाईट अवस्थेत असेल तर मात्र फक्त ऐकून घ्या. सल्ला देऊ नका. ती आता त्यांची आहे.

बोट जपायची म्हणजे पाण्याबाहेर काढून ठेवायची, असं पुष्कळांना वाटतं. ब्रिटिश खलाशी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची 'सुहेली' मुंबईत सागवानात बांधलेली, ३२ फुटी. १९६८-६९ मध्ये दहा महिन्यांहून अधिक काळ कुठेही न थांबता, एकट्याने जगप्रदक्षिणा करणारी पहिली बोट. पुढे ती ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात ठेवली गेली. तिथल्या कोरड्या हवेत तिच्या फळ्या आक्रसू लागल्या, तेव्हा २००२ मध्ये नॉक्स-जॉन्स्टन यांनी तिला तिथून परत नेलं, दुरुस्त केलं आणि पुन्हा पाण्यात उतरवलं. जी बोट तुमच्याकडे आहे आणि वर्षभर आच्छादनाखाली आहे, तिच्या पानावर ही गोष्ट लिहून ठेवायला हरकत नाही.

अजून एकही बोट नसेल तर

मग दुसऱ्या कुणाची वही लिहा. ओळखीतल्या एखाद्या काकांना किंवा मावशींना, ज्यांच्या चार-पाच बोटी होऊन गेल्यात, वेळ मागा. "कुठली बोट घेऊ?" असं विचारू नका, त्याचं उत्तर प्रत्येकजण स्वतःच्या आत्ताच्या बोटीचंच देतो. त्यांना त्यांच्या बोटी पहिल्यापासून क्रमाने सांगायला लावा आणि प्रत्येकीला हे विचारा: का घेतली, का दिली, वर्षाला किती दिवस पाण्यात असायची, बरोबर कोण यायचं, आणि परत मिळाली तर घ्याल का. शेवटच्या प्रश्नाआधी घाई करू नका. माझ्या पाहण्यात बहुतेक जण तिथे गप्प होतात, आणि मग यादीतल्या मोठ्या, देखण्या बोटी ओलांडून एखाद्या लहानशा, मधल्याच बोटीचं नाव घेतात. ती का, हे विचारा आणि उत्तर शब्दशः उतरवा. अशा तीन माणसांच्या याद्या जमल्या की तुम्हाला कसली बोट हवी आहे याचा पुष्कळ उलगडा होतो.

आणि तुमची पहिली बोट येईल त्या दिवशी, ती पाण्यात उतरवायच्या आधी, पहिलं पान लिहा. तारीख, क्रमांक उमटवलेला कागद, चार मापं, इंजिनाचे तास. त्याखाली एका वाक्यात ती का घेतली ते, घरच्यांनाही विचारून, प्रत्येकाचं कारण वेगळ्या ओळीवर. मग तेवढीच जागा खाली मोकळी सोडा.

आमच्या सातव्या बोटीच्या पानावर अशा चार ओळी आहेत. धाकटीने लिहिलंय: "हिच्यातून पाण्याला हात लागतो." खालची जागा अजून मोकळी आहे.